डर्ट बाईकला हेडलाईट बसवायचाय? मग दिवा सगळ्यात शेवटी घ्या

साखर कारखान्यांचे धुराडे पेटले की आमच्या बीड-माजलगाव पट्ट्यात रात्रीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर निघतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, डेकवर गाणी मात्र फुल्ल आवाजात. असल्या रस्त्यावर मी एक अख्खा हिवाळा अर्धवट हेडलाईटवर गाडी हाणलीय आणि आता तेच उद्योग करायला निघालेली नवीन पोरं मला विचारायलीत की भौ कोणता लाईट घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून काढायलोय.

माझी गाडी इम्पल्स. हिरोनं २०११ ला काढलेली, १५० सीसी, आता मॉडेल बंद. मी सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकानं डर्टसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यावर-डोंगरात हाणायला, पार सोलून ठेवलेली होती, डोम (हेडलाईटचा डबा) नाही, इंडिकेटर नाही, पुढं नुसती प्लास्टिकची पाटी आणि हेडलाईटच्या वायरी कापून टेप गुंडाळून टाकीखाली कोंबलेल्या. रविवारी बालाघाटच्या डोंगरात फिरायला ती तशीच झकास होती. पण शेतात थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असती, मोटर चालू करायला अकरा-बाराला जावं लागतंय, आणि मोबाईलची टॉर्च तोंडात धरून गाडी चालवायचे दिवस किती काढणार.

तर मी काय केलं, बाजारातून एक लांबुळकी एलईडी पट्टी आणली, डब्यावर १८००० ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेलं, दोन वायरी थेट बॅटरीला जोडल्या, मधी एक फडतूस स्विच. फ्यूज वगैरे काय नाय. चार दिवस गावात हवा झाली. पाचव्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मिट्ट काळोख. वळणावर होतो. ब्रेक दाबून कशीबशी कडंला घेतली, हात लटलट कापत होते, आणि नंतर स्टार्टर मारला तर तोही नुसता टकटक करायला लागला कारण पट्टीनं बॅटरी पण पिऊन टाकली होती. किक मारून घरी आलो, बिनलाईटचा, एका जीपच्या मागं मागं.

दुसऱ्या दिवशी ज्या चाचांकडं गेलो ते वायरिंगचे जुने मिस्त्री. पट्टी हातात घेऊन बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "आदमी लाइट लेके आता, करंट घर पे भूल के आता." या लेखात पुढं जे काय आहे ते त्या एका वाक्याचाच पसारा आहे.

आधी कागद बघा

हे कंटाळवाणं आहे पण इथूनच सुरू करायचं, कारण काही गाड्यांना हेडलाईट लावून उपयोगच नाही. मोटोक्रॉससाठी आलेल्या गाड्या, म्हणजे कावासाकीची केएलएक्स ११० नायतर १४०, केटीएमच्या एसएक्स वगैरे, यांना आरटीओ पासिंग नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणं नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही, मग तिला हेडलाईट लावा, हॉर्न लावा, आरसे लावा, ती रस्त्याची गाडी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे इन्शुरन्स नाही, आणि इन्शुरन्स नसताना रात्री एखाद्याला उडवलं तर जमीन विकायची वेळ येईल. अशा गाडीला दिवा लावायचा तो फक्त स्वतःच्या वावरात नायतर खाजगी ट्रॅकवर चालवायला.

दुसरा प्रकार माझ्यासारखा. गाडीला आरसी आहे, पासिंग झालेलं आहे, पण कुणीतरी लाईट काढून टाकलेत. इथं मूळ जसं होतं तसं परत करणं ही नुसती दुरुस्ती झाली. पण कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या गोष्टींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ कलमात बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून माझं सरळ मत आहे, पासिंगच्या गाडीला त्याच मॉडेलचा ओरिजिनल डोम आणि होल्डर शोधा. स्क्रॅपवाल्याकडं शोधा, दोन महिने लागू द्या. शौकाची पट्टी नंतर.

आणि हो, हिरोच्या एक्सपल्स २०० वाले पण मला विचारतात. तुमच्या गाडीला कंपनीचाच एलईडी हेडलाईट आहे राव, तो काढायचा नाही. उजेड कमी वाटत असेल तर आधी काच पुसा आणि फोकस सेट करा, ते खाली लिहिलंय.

करंट किती, हे मोजायचं

इंजिनाच्या एका बाजूच्या कव्हरखाली मॅग्नेट फिरतो आणि त्याच्याजवळ कॉइल असतात, तिथं करंट तयार होतो. कॉइलमधून निघतो तो एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारा. तो रेगुलेटर-रेक्टिफायरमधून गेला की डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा, होतो आणि बॅटरीला जातो. एवढं समजलं तरी अर्धं काम झालं.

आता गाड्या तीन प्रकारच्या सापडतात. काहींचा हेडलाईट डीसीवर म्हणजे बॅटरीवर चालतो. बऱ्याच जुन्या गाड्यांचा थेट एसीवर चालतो, ओळख सोपी आहे, सिग्नलला उभं राहिलं की लाईट मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो, तो एसी. (अशाच गाडीचा रेगुलेटर गेला की रेस दिल्याबरोबर बल्ब फटकन उडतो, आमच्या गावात एका दुधवाल्याचे महिन्यात तीन बल्ब गेले तेव्हा कुठं कुणी रेगुलेटर बघितला.) आणि तिसरा प्रकार निव्वळ शर्यतीच्या गाड्या, त्यांत बऱ्याचदा फक्त स्पार्कपुरती कॉइल असती, लाईटसाठी वेगळी कॉइलच नाही. तिथं तुम्ही कितीही भारी दिवा आणा, विहिरीत पाणीच नाही तर मोटर किती एचपीची घ्यायची याच्यावर भांडल्यासारखं आहे ते.

साधा मल्टीमीटर घ्या, तीन-चारशे रुपयांचा चालतो. आणि हे मोजा.

पहिलं, गाडी तासभर बंद ठेवून बॅटरीवर डीसी व्होल्टेज बघा. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवती. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा, तिच्या जीवावर दिवा लावू नका.

दुसरं, गाडी चालू करून थोडी रेस धरा. १३.८ ते १४.५ च्या आसपास आलं पाहिजे. रेस देऊनही १२.५ लाच अडकलं असेल तर चार्जिंग होईना, आणि १५ च्या वर चाललं असेल तर रेगुलेटर गेलाय, अशा गाडीला एलईडी लावला तर तो जळणार आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देणार.

तिसरं माझ्या मते सगळ्यात कामाचं, आणि हे कुणी करत नाही. ३५ वॅटचा जुना हॅलोजन बल्ब घ्या, दोन वायरी लावून तात्पुरता बॅटरीला जोडा, मधी फ्यूज ठेवा, बल्ब कपड्यावर नायतर टाकीवर टेकवू नका, लै तापतो. गाडी चालू करा आणि ज्या रेसवर तुम्ही नेहमी चालवता तिथं व्होल्टेज बघा. १३ च्या वर टिकलं तर समजायचं ३५ वॅट द्यायची गाडीची ऐपत आहे. आयडलला थोडं पडलं तर चालतंय. पण चालत्या रेसवरही १२.६ च्या खाली उतरत असेल तर तेवढा दिवा तुमची बॅटरी खातोय आणि परतीच्या वाटेवर तो हिशोब देणार.

हिशोब असा, वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर. २० वॅट भागिले १२ म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आत. बॅटरी ३ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे ३ अँपिअर तासभर) असली आणि चार्जिंग होत नसेल तर कागदावर पावणेदोन तास निघतात, खरं बघता त्याच्या कितीतरी आधी सेल्फ बंद पडतो. माझी घाटातली गोष्ट हीच.

एसीवाल्या गाडीत एलईडी लावायचा असेल तर थेट एसीच्या वायरीला जोडू नका, एक तर थरथरतो नायतर जळतो. डीसी करून द्यावा लागतो, चांगला रेगुलेटर-रेक्टिफायर बसवून. इथं एक बारीक गोष्ट आहे जी नवीन माणसाला कुणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत लाईटच्या कॉइलचं एक टोक आतच इंजिनाला अर्थ केलेलं असतंय. तसंच ठेवून फुल वेव्ह रेक्टिफायर लावला तर तो नीट चालत नाही, ते टोक अर्थवरून सोडवून वेगळी वायर बाहेर काढावी लागते. हे काम मॅग्नेट उघडून करायचं असतंय, पुलर लागतो, कव्हरचं पॅकिंग लागतं, सोल्डर नीट लागतं. स्वतः करू नका, पहिल्यांदा तरी. आणि कॉइल जादा वॅटची भरून घ्यायची असेल तर मॅग्नेट कॉइल भरणारे मिस्त्री वेगळे असतात, पाण्याची मोटर भरणाऱ्याकडं नेऊन "एवढं करून द्या ना मामा" म्हणू नका. मी नेली होती. जाऊ द्या.

लाईट कॉइल नसलेली शर्यतीची गाडी वावरातच चालवायची असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेगळी बॅटरी. १२.८ व्होल्ट ६ एएचचा लिथियम फॉस्फेट पॅक म्हणजे जवळपास ७७ वॅट-तास, त्यावर १० वॅटचा दिवा सहा-सात तास निघतो. संरक्षणाचं सर्किट आत असलेलाच पॅक घ्या, घरी येऊन त्याच्याच चार्जरनं चार्ज करा, काम झालं.

आता दिवा

डब्यावरच्या ल्युमेनवर जाऊ नका. चांगल्या एलईडीला एका वॅटमागं साधारण १०० ल्युमेन धरायचे, म्हणजे जो दिवा बॅटरीतून २० वॅट ओढतो तो २००० च्या आसपास देणार, त्याच्यावर १८००० लिहिलं असेल तर ते लग्नातल्या पाहुण्यांच्या आकड्यासारखं समजा. मीटर लावून तो किती अँपिअर ओढतो ते बघितलं की खरं कळतं. आणि घाबरू नका, साध्या ३५ वॅटच्या हॅलोजनचा उजेड हजार ल्युमेनच्या आतच असतो आणि आपल्या बापलोकांनी त्याच्यावर आयुष्य काढलं.

खरा खेळ उजेड कुठं पडतो त्याचा आहे. डोमच्या आतला रिफ्लेक्टर हा बल्बची तार नेमकी कुठं आहे ते धरून बनवलेला असतो. त्याच डोममध्ये हॅलोजन काढून एलईडी बल्ब खोचला की उजेडाची जागा बदलते आणि सगळा प्रकाश फिसकटतो, तुम्हाला वाटतं लै उजेड झाला कारण झाडांचे शेंडे दिसायलेत, पण रस्ता होता तेवढाच, आणि समोरच्याच्या डोळ्यात भाला. म्हणून एक तर हॅलोजनच्या डोमला हॅलोजनच ठेवा, नायतर एलईडीसाठीच बनलेला आख्खा दिवा घ्या ज्यात डिप्परला वरची कडा सरळ कापलेली दिसते. पट्ट्या, गोल स्पॉट वगैरे ज्यांना अप्पर-डिप्पर नाही ते रस्त्यावर हेडलाईट म्हणून नकोच.

रंग पांढराफेक घेऊ नका. उन्हाळ्यात आमच्याकडं गाडीमागं गाडी चालली की धुळीचा पडदा उभा राहतो, अगदी निळसर पांढरा उजेड त्या पडद्यावर आदळून आपल्याच डोळ्यात परत येतो. थोडा पिवळसर मला बरा वाटतो. डब्यावर आयपी६७ लिहिलेलं बघा, त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण वॉशिंग सेंटरवाल्या पोराच्या प्रेशरच्या फवाऱ्यापुढं आयपी६७ पण हात टेकतो, त्याला सांगून ठेवा.

सामान

१ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर, लाल आणि काळी, आणि अप्पर-डिप्परसाठी अजून दोन रंग. घराच्या फिटिंगची कडक वायर वापरू नका, ती हँडल वळवून वळवून आतल्या आत तुटते. आत पाणी न जाणारा फ्यूज होल्डर, ब्लेडचे दोन-तीन जादा फ्यूज, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची टोपी) आणि ते दाबायची पकड, हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), जाळीची किंवा प्लास्टिकची स्लीव्ह, केबल टाय, रिले (थोड्या करंटवर चालणारं जड करंटचं स्विच) लागला तर चार पिनचा, अप्पर-डिप्परचं स्विच, शक्यतो तुमच्याच मॉडेलचं. ग्रीस नसेल तर व्हॅसलीनची डबी, जोडाला लावायला. हे सगळं जिल्ह्याच्या गावी ऑटो स्पेअरच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतं.

वायरिंग, निवांत बसून

सगळ्यात आधी बॅटरीची मायनस काढा. मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लसचा बोल्ट खोलताना पान्हा चेसीला लागला तर ठिणगी उडते, टाकी वर आहे हे ध्यानात ठेवा.

वायरींच्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हिरो-होंडा घराण्यात अर्थ हिरवा असतो, यामाहात काळा. आणि सेकंडहँड गाडीत तर आधीच्यानं काय जोडलंय ते त्यालाच माहीत, माझ्या गाडीत निळ्या वायरीला पिवळी आणि पिवळीला घरची पांढरी जोडलेली निघाली. मीटरनं प्रत्येक वायर तपासा, कागदावर चित्र काढा, फोटो काढून ठेवा.

मग प्लसवरून निघालेल्या वायरीला लगेच फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो हो, वायर पेटू नये म्हणून असतो, म्हणून तो दिव्याजवळ लावून काय उपयोग नाही. २० वॅटच्या एलईडीला ३ किंवा ५ अँपिअरचा पुरतो, ३५ वॅटला ५ चा, ६० वॅटच्या मोठ्या हॅलोजनला साडेसात किंवा १० चा. फ्यूज सारखा उडतोय म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारे महाभाग मी बघितलेत, त्यातल्या एकाची सीट जळाली.

रिले लागतो का? एकच २० वॅटचा एलईडी असेल तर चांगलं स्विच तेवढा करंट आरामात झेलतं, उगं गुंतागुंत नको. ५५-६० वॅटचा बल्ब नायतर दोन दिवे असतील तर लावा, म्हणजे जड करंट स्विचमधून न जाता रिलेतून जातो. पिनवर नंबर असतात, त्यात घाबरण्यासारखं काय नाही. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिव्याकडं जाणारी, ८५ अर्थला, आणि ८६ ला स्विचकडून येणारी. ८६ चा करंट चाबीनंतरच्या वायरीवरून घ्या, म्हणजे चाबी काढली की दिवा बंद. मी पहिल्यांदा थेट घेतला होता आणि शेतातून येऊन झोपलो, सकाळी बॅटरी मेलेली.

अप्पर आणि डिप्पर दोन्ही लावायचे तर दिव्याला तीन वायरी येतात, एक अर्थ, एक डिप्पर, एक अप्पर. कोणती कुठली हे बॅटरीला टेकवून बघून मगच जोडा. आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन चालू झालं की हेडलाईट आपोआप लागलेलाच असतो, तुमची गाडी त्यानंतरची असेल तर बंद करायचं स्विच लावून ते मोडू नका.

अर्थची गोष्ट जरा नीट ऐका. बरेच जण दिव्याची काळी वायर हँडलच्या एखाद्या बोल्टला नायतर शॉकअपच्या क्लॅम्पला लावून मोकळे होतात. हँडल आणि चेसी यांच्यात गोळ्यांचा कोन असतो, तो ग्रीसनं भरलेला, करंटला त्यातून जायला कधी वाट मिळते कधी नाही, मग हँडल वळवलं की लाईट मिचमिचतो आणि माणूस बल्ब बदलत बसतो. अर्थची वायर सरळ मागं बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. पन्नास रुपयांची वायर जादा लागंल.

जोड कसा करायचा याच्यावर मिस्त्री लोकांत भांडणं आहेत. माझा अनुभव असा की धक्के खाणाऱ्या गाडीत नुसतं सोल्डर केलेला जोड सोल्डर जिथं संपतं तिथंच तुटतो, कारण तिथं वायर कडक होते. थिंबल नीट दाबा, ओढून बघा, व्हॅसलीनचं बोट लावा, वरून हीट श्रिंक. पिळून टेप मारलेला जोड तर करूच नका, आमच्याकडच्या उन्हात दोन महिन्यांत टेपचा डिंक वितळून चिकट काला होतो.

वायर नेताना इंजिनाच्या सायलेन्सरकडच्या बाजूनं नको, टाकीखालून चेसीला धरून न्या. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात असली बसते की चाक फिरायचं थांबतं, आणि ती खरवडून काढताना खाली लोंबणारी वायर हमखास ओढली जाते, म्हणून चाकाजवळून काहीच नेऊ नका. हँडलजवळ ढील ठेवा. आता सीटवर बसून हँडल पार डावीकडं, पार उजवीकडं वळवा, मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप जोरात दाबा. कुठंही वायर ताणली, चेपली, घासली नाही पाहिजे. डर्टच्या गाडीचे शॉकअप साध्या गाडीपेक्षा बरेच जास्त बसतात, हे लोक विसरतात आणि पहिल्या उडीला वायर तुटते.

दिवा बसवताना ओरिजिनल डोम असेल तर त्याच्याच जागी. आख्खा मास्क रबरी पट्ट्यांनी शॉकअपला बांधायचा असेल तर रबर ताणून बांधा आणि दर महिन्याला बघा, उन्हानं तडकतं. एलईडीच्या मागं जे पंखे किंवा कंगोरे असतात तिथं हवा लागली पाहिजे, गाडी उभी असताना दिवा उगं चालू ठेवू नका, तापून आयुष्य कमी होतं.

मागचं विसरू नका

पुढं लाईट लावला की लोकांना वाटतं झालं. डर्टच्या गाडीला मागं पण काय नसतं, आणि रात्री आमच्याकडं मागून येणारा टेम्पो हा पुढच्या खड्ड्यापेक्षा जास्त खतरनाक. लाल दिवा, ब्रेक लाईट मागच्या पॅडलच्या आणि पुढच्या लिव्हरच्या दोन्ही स्विचला, आणि नंबर प्लेटवर पांढरा उजेड, नियमात तो नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे असं आहे. इंडिकेटर एलईडीचे लावले आणि ते पिसाळल्यासारखे फटफट लवायला लागले तर गाडी बिघडलेली नाही, जुना फ्लॅशर बल्बच्या लोडवर चालणारा आहे, एलईडीचा फ्लॅशर घ्या. हॉर्न, दोन्ही आरसे, ते पण बघून घ्या.

फोकस सेट करणं

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि लै जण सोडून देतात. सपाट जागा बघा, शाळेची नायतर गोदामाची भिंत चालती. टायरमध्ये हवा बरोबर भरा, गाडी भिंतीपासून १० मीटर लांब सरळ उभी करा आणि तुमच्याच वजनाचा माणूस नायतर तुम्ही स्वतः वर बसा, कारण बसल्यावर मागचं दबतं आणि लाईट वर मारतो. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची टेपनं मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीला खडूनं रेघ मारा. डिप्परच्या उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. वर असेल तर दिवा खाली झुकवा. मग खरोखरच्या माणसाला पुढं ८ मीटरवर उभं करून विचारा डोळ्यात जातंय का, आपल्या नियमांत पण ८ मीटर लांब आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेड झोंबता कामा नये असाच हिशोब दिलाय. मी हे आमच्या आईला उभं करून केलं, ती म्हणाली "जरा खाली कर की, मला काय हरणावानी आंधळं करतो का", तेव्हा अजून दोन आटे खाली केला.

पहिल्या रात्री

पहिली रात्र घाटात नाही. गावाजवळच्या ओळखीच्या खडबडीत रस्त्यावर दहा किलोमीटर, खिशात टॉर्च, जादा फ्यूज, छोटा पान्हा. घरी येऊन प्रत्येक जोडाला आणि फ्यूज होल्डरला हात लावा, कुठं गरम लागला तर तो जोड ढिला आहे. नंतर बॅटरी मोजा, निघताना होती तेवढीच असली पाहिजे.

वेगाचं एक गणित मनात ठेवा, ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पळते. दिसलं, मेंदूला कळलं, बोट लिव्हरवर गेलं, एवढ्यात एक सेकंद जातो, ब्रेक लागायला त्याच्या पुढं सुरुवात. खडीवर अजून लांब. डिप्परमध्ये जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं नाही तर वेग जास्त आहे, दिवा कमी आहे असं नाही. रोही आणि रानडुकरं तर उजेडात उभी राहतात आणि तुम्ही जवळ गेलात की नेमकी तुमच्याच बाजूला पळतात. समोरून कुणी आलं की डिप्पर द्या, त्यानं नाही दिला तर त्याच्या दिव्याकडं बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडंवर नजर ठेवा. हेल्मेटची काच रात्री पांढरीच, काळी नाही. उसाच्या गाडीमागं चाललात तर तिचा दिवा शोधत बसू नका, नसतोच, टिपरं लोंबकळताना दिसली की अंतर वाढवा.

गौताळ्यासारख्या अभयारण्यात दिवा आला म्हणून रात्री घुसायचं नाही, आणि समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, दिवसा पण.

१०० किलोमीटर झाले की दिव्याचे सगळे बोल्ट परत आवळा, पहिल्या शंभरात हमखास ढिले होतात, आणि भिंतीसमोर लावून खडूची रेघ परत एकदा बघा. आमच्या गोदामाच्या भिंतीवर माझी रेघ अजून आहे, आता गावातली चार-पाच पोरं पण तिथंच गाड्या लावून बघतात, फक्त त्यांच्या गाडीची उंची वेगळी असते हे प्रत्येकाला नव्यानं सांगावं लागतंय.